अमेरिकन माल की बाहेरचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत नव्याने आलेली मंडळी, सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेले आईवडील आणि इथे वीस-वीस वर्षं काढलेले लोकही दुकानात वस्तू उलटी करून तळाचा शिक्का वाचतात, आणि मग तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. गाड्यांबद्दल जरा जास्त लिहिलंय, कारण या विषयातली खरी शाळा तिथेच भरली होती. मतं माझी आहेत. वाद घालायला हरकत नाही.

अमेरिकेत अमेरिकन वस्तू मिळतच नाहीत, सगळं चायनाचं. खरं आहे का?

कपडे, बूट, खेळणी, फोन, टीव्ही यांच्या बाबतीत जवळजवळ खरं आहे. इथे विकल्या जाणाऱ्या कपड्यांत देशात शिवलेले शंभरात तीनसुद्धा निघणार नाहीत, आणि बुटांची गत त्याहून वाईट. पण दुकानात दिसतं तेवढंच उत्पादन नसतं. किमतीच्या हिशेबाने चीनखालोखाल जगातला सर्वांत मोठा उत्पादक देश अजूनही अमेरिकाच आहे. विमानांची इंजिनं, खाणीत चालणारी अवजड यंत्रं, शस्त्रक्रियेची उपकरणं, रसायनं, चिप बनवायची यंत्रं यातलं काहीच टार्गेटसारख्या दुकानाच्या फळीवर नसतं, म्हणून ते आपल्या नजरेला पडत नाही.

माणसं मात्र कमी झाली. १९७९ मध्ये इथल्या कारखान्यांत सुमारे १ कोटी ९५ लाख लोक कामाला होते. आता तो आकडा सव्वा कोटीच्या आसपास आहे. काही कामं यंत्रांनी घेतली. काही कामं, विशेषतः डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आल्यानंतर, समुद्रापार गेली. ज्या गावात एकच धंदा होता, तिथे हा फटका आकडेवारीत दिसतो त्याहून कितीतरी मोठा बसला.

‘मेड इन यूएसए’ छापायला नेमकं काय लागतं?

फेडरल ट्रेड कमिशन, म्हणजे एफटीसी, या सरकारी संस्थेचा निकष कडक आहे: वस्तू ‘संपूर्ण किंवा जवळजवळ संपूर्ण’ अमेरिकेत बनलेली हवी. शेवटची जोडणी इथे हवीच, पण सुटे भाग आणि त्यावरचं कामही इथलंच हवं. २०२१ पासून हा निकष रीतसर नियम झाला आणि खोट्या दाव्याला दंड बसू लागला. २०२२ मध्ये ‘लायन्स नॉट शीप’ नावाच्या कपड्यांच्या ब्रँडला दोन लाख डॉलरच्या वर भरावे लागले. बाहेरून आणलेल्या टी-शर्टांची मूळ लेबलं काढून तिथे ‘मेड इन यूएसए’ची शिवत होते. २०२४ मध्ये विल्यम्स-सोनोमा या मोठ्या दुकानसाखळीने आधीचा आदेश मोडला म्हणून ३१ लाख डॉलरहून जास्त दंड भरला.

अर्धवट दावा करायला मात्र मुभा आहे. ‘परदेशी भाग वापरून अमेरिकेत जोडलेले’ असं लिहिलेलं चालतं. न्यू बॅलन्सचे काही बूट मेन आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांत बनतात, आणि त्यातलं देशांतर्गत मूल्य ७० टक्के किंवा जास्त असल्याचं कंपनी स्वतःच सांगते. डेट्रॉइटच्या शिनोला कंपनीच्या घड्याळांत आतलं यंत्र स्विस निघालं, तेव्हा एफटीसीने २०१६ मध्ये त्यांना जाहिरातीतली अमेरिकन बनावटीची घोषणा सोडायला लावली.

आणखी एक पळवाट सगळ्यांनी ओळखून ठेवावी: ‘डिझाइन्ड इन कॅलिफोर्निया’. त्यातून वस्तू कुठे बनली हे काहीच कळत नाही. झेंडा, गरुड, लाल-पांढरे-निळे पट्टे असलेलं खोकं दिसलं की मी तरी जास्त बारकाईने तळ बघतो.

मूळ देश शोधायचा कुठे?

आयात मालावर मूळ देशाचं नाव असलंच पाहिजे, हा १९३० च्या कायद्याचा दंडक आहे. कपड्यांना मानेपाशी किंवा आतल्या शिवणीत लेबल असतं. इथेच बनलेल्या बाकीच्या बहुतेक वस्तूंवर काही लिहायची सक्ती नाही, त्यामुळे शिक्का नसणं म्हणजे लगेच संशयाचं कारण नव्हे.

सगळ्यात सोपा पाठ घरातच मिळतो. अमेरिकेतल्या निम्म्या मराठी घरांत जेवायला कोरेलच्या ताटल्या असतात: पातळ, हलक्या, एकावर एक रचल्या तर जागा न खाणाऱ्या. ताटली उलटी करा. ती काचेची आहे, न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग गावातल्या कारखान्यात ओतलेली, आणि हे काम तिथे १९७० पासून चालू आहे. आता त्याच सेटबरोबर आलेला त्याच नक्षीचा मग उलटा करा. तो दगडी मातीचा, बहुधा चीनमध्ये बनलेला. खोकं एक, नक्षी एक, आणि मूळ देश दोन. काचेच्या तीन थरांची ती ताटली बनवायची यंत्रणा कॉर्निंगमध्येच उभी आहे. ती उचलून नेणं परवडत नाही. चहाचा मग मात्र कुठलाही कुंभारखाना बनवू शकतो.

माझ्याकडे टोयोटा कॅमरी आहे. शेजारी शेवरोलेटवाला मला टोमणे मारतो. कोण बरोबर?

बऱ्याचदा तुम्ही. कॅमरी १९८८ पासून केंटकी राज्यातल्या जॉर्जटाउनमध्ये बनते. होंडाची अॅकॉर्ड १९८२ मध्येच ओहायोतल्या मेरिसव्हिलमध्ये बनू लागली. उलट शेवरोलेटची छोटी ट्रॅक्स दक्षिण कोरियाहून येते, ब्यूकची एन्व्हिजन बरीच वर्षं चीनमधून येत होती, आणि फोर्डचा मॅव्हरिक पिकअप मेक्सिकोत बनतो. बीएमडब्ल्यूच्या एक्स-मालिकेतल्या बऱ्याच गाड्या साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गमध्ये बनून जगभर जातात. किमतीच्या हिशेबाने अमेरिकेतून सर्वांत जास्त गाड्या निर्यात करणारी कंपनी जर्मन आहे, हे शेजाऱ्याला जरूर ऐकवा. कार्स डॉट कॉम दरवर्षी ‘किती अमेरिकन’ अशी यादी काढते. तिच्यात अलीकडे टेस्ला वर असते आणि होंडा-टोयोटाही वरच्या रांगेत असतात.

शेजाऱ्याचं म्हणणंही अगदीच फोल नाही. नफा शेवटी कुठे जातो, संशोधन कुठे होतं, कारखान्यात युनियन आहे की नाही, या गोष्टीही मोजाव्या लागतात, आणि दक्षिणेतल्या परदेशी कंपन्यांच्या बहुतेक कारखान्यांत युनियन नाही.

स्वतः खात्री करायची असेल तर दोन जागा आहेत. नव्या गाडीच्या काचेवरच्या कागदावर १९९२ च्या कायद्याने भागांची टक्केवारी, जोडणीचं ठिकाण, इंजिन आणि गिअरबॉक्सचा मूळ देश छापलेला असतो. यात एक मेख आहे: अमेरिका आणि कॅनडा यांची टक्केवारी एकत्रच दिलेली असते. दुसरी जागा म्हणजे डॅशबोर्डवर काचेतून दिसणारा गाडीचा १७ अक्षरी क्रमांक. तो १, ४ किंवा ५ ने सुरू झाला तर गाडी अमेरिकेत जोडलेली, २ असेल तर कॅनडात, ३ असेल तर मेक्सिकोत. ‘जे’ म्हणजे जपान, ‘के’ म्हणजे कोरिया.

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकन गाड्या खरंच इतक्या वाईट होत्या का?

होत्या. आणि त्याचा दोष अमेरिकन कामगाराच्या आळसावर टाकायची जी पद्धत पडली आहे, ती खोटी आहे हे एका कारखान्याने सिद्ध केलं.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये जनरल मोटर्सचा कारखाना होता. रोज पाचातला एक कामगार दांडी मारायचा. दारू, भांडणं, अचानक होणारे संप, सगळंच होतं. काही कामगारांनी पुढे स्वतःच सांगितलं की राग काढायला दाराच्या पत्र्याच्या आत रिकामी बाटली टाकून देत, म्हणजे मालक गाडी चालवताना खडखड ऐकत बसेल. पण वरून हुकूम काय होता? काहीही झालं तरी लाइन थांबता कामा नये. चुकीचा भाग बसला, स्क्रू राहिला, तरी गाडी पुढे ढकला, नंतर अंगणात दुरुस्त करू. अंगणात अशा गाड्यांच्या रांगा लागत. १९८२ मध्ये कंपनीने कारखाना बंद केला.

१९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी भागीदारीत तोच कारखाना न्यूमी या नावाने पुन्हा उघडला. युनियन तीच, आणि बहुतेक कामगारही जुनेच घेतले. शेकडो जणांना जपानमधल्या ताकाओका कारखान्यात नेऊन आणलं. तिथे त्यांनी पाहिलं की लाइनच्या वर एक दोरी लोंबते, आणि कोणीही कामगार अडचण आली की ती ओढतो. आधी गटप्रमुख धावत येतो; वेळेत निस्तरलं नाही तर अख्खी लाइन थांबते, आणि त्याबद्दल कोणी ओरडत नाही. उलट दोष जिथे झाला तिथेच पकडला म्हणून बरं म्हणतात. आयुष्यभर ‘लाइन थांबवलीस तर बघ’ ऐकलेल्या माणसांना हे पचायला वेळ लागला असणार.

दोनेक वर्षांत फ्रीमाँटची गाडी गुणवत्तेत जपानच्या तोडीस आली आणि जनरल मोटर्सच्या बाकीच्या कारखान्यांपेक्षा कितीतरी सरस ठरली. दांड्या घटल्या. आता यातला सर्वांत बोचरा भाग. त्याच लाइनवर टोयोटाची कोरोला आणि जनरल मोटर्सची जिओ प्रिझम या जवळजवळ जुळ्या गाड्या बनत. तरी गिऱ्हाईक कोरोलाला जास्त पैसे मोजायचा, आणि जुनी विकतानाही कोरोलाच भाव खाऊन जायची. गाडी सुधारली होती, पण गेलेली अब्रू इतक्या लवकर परत येत नाही. दहा-वीस वर्षं खडखडणाऱ्या गाड्या विकल्या, त्याचं व्याज कंपनी पुढची कित्येक वर्षं भरत राहिली.

जनरल मोटर्सने हे शिक्षण बाकीच्या कारखान्यांत नेण्याचा प्रयत्न केला, पण दोरी टांगली तरी ती ओढणाऱ्यावर साहेब भडकत राहिला, तर दोरीचा उपयोग काय? न्यूमी २०१० मध्ये बंद झाली. आज त्याच आवारात टेस्ला गाड्या बनवते.

जपानी मालाविरुद्ध लोकांचा राग इतका का होता?

कारण पोटावर पाय आला होता. डेट्रॉइटच्या आसपास कामगार संघटनांच्या आवारात परदेशी गाडी उभी करायला मनाईच्या पाट्या असत. पण राग गाड्यांवर थांबला नाही. १९८२ च्या जूनमध्ये व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या तरुणाला डेट्रॉइटजवळ गाडी कारखान्याशी संबंधित दोघांनी बॅटने मारलं. चार दिवसांनी तो गेला. मारेकऱ्यांना प्रोबेशन आणि तीन हजार डॉलर दंड एवढीच शिक्षा झाली. तो जपानी नव्हताच. व्यापाराची भांडणं तापतात तेव्हा इथे राहणाऱ्या आशियाई माणसाने हे प्रकरण माहीत असू द्यावं.

पण जपानी माल म्हणजे आधी स्वस्त आणि टाकाऊ, असंच ना?

हो, पन्नाशीच्या दशकात तोच लौकिक होता. गंमत म्हणजे सुधारायला त्यांनी अमेरिकन माणसालाच बोलावलं. संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० मध्ये जपानी अभियंते आणि कारखानदारांसमोर व्याख्यानं दिली. १९५१ पासून त्यांच्या नावाने तिथे पुरस्कार सुरू झाला. मायदेशात त्यांना फारसं कोणी ओळखत नव्हतं. फोर्डने त्यांना बोलावलं ते १९८१ मध्ये, पाण्यात बुडायची वेळ आल्यावर.

परदेशी मालावर शुल्क लावलं की देशी माल सुधारतो का?

कधी श्वास घ्यायला वेळ मिळतो, एवढंच. शुल्काचे समर्थक हार्ली-डेव्हिडसनचं उदाहरण हमखास देतात, म्हणून तेच नीट पाहू. १९६९ ते १९८१ कंपनी एएमएफ या समूहाकडे होती. उत्पादन वाढवलं, दर्जा घसरला, आणि तेल गळणारी मोटरसायकल हा हार्लीवरचा कायमचा विनोद झाला. १९८१ मध्ये कंपनीच्याच तेरा अधिकाऱ्यांनी कर्ज काढून ती विकत घेतली. १९८३ मध्ये रेगन सरकारने ७०० सीसीवरच्या आयात मोटरसायकलींवर पहिल्या वर्षी जवळजवळ ५० टक्क्यांपर्यंत शुल्क चढवलं, ते पाच वर्षांत उतरत जाणार होतं. जपान्यांनी ताबडतोब इंजिनं ७०० च्या आत बसवली. शिवाय होंडा आणि कावासाकीचे कारखाने अमेरिकेतच होते, त्यांना शुल्क कसलं लागतंय?

हार्ली वाचली ती मुख्यतः आपल्या हिमतीवर. अधिकारी होंडाचा मेरिसव्हिलचा कारखाना बघून आले, सुट्या भागांचे ढीग साठवणं बंद केलं, यंत्र चालवणाऱ्यालाच तपासणी शिकवली आणि १९८४ मध्ये न गळणारं नवं इंजिन काढलं. १९८७ मध्ये कंपनीने स्वतःहून सांगितलं, आता संरक्षण नको. मुदत संपायच्या आधीच कुबडी फेकणारा असा कारखानदार दुसरा आठवत नाही.

उलटी उदाहरणं जास्त सापडतात. १९६४ पासून आयात पिकअपवर २५ टक्के शुल्क आहे. मूळ भांडण युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर लावलेल्या शुल्काचं. कोंबडी मागे पडली, पिकअपचं शुल्क राहिलं. त्या आडोशाला डेट्रॉइटने मोठ्या पिकअपवर भरपूर कमावलं आणि लहान गाड्यांकडे दुर्लक्ष केलं. १९८१ मध्ये जपानकडून वर्षाला १६.८ लाख गाड्यांची मर्यादा मान्य करून घेतली. संख्या अडली, म्हणून जपान्यांनी महागड्या गाड्या पाठवल्या. पुढे अॅक्युरा, लेक्सस, इन्फिनिटी आल्या. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला वरच्या मजल्यावर चढायला शिडी आपणच लावली.

२०१८ च्या कपडे धुण्याच्या यंत्रांवरच्या शुल्काचा अर्थतज्ज्ञांनी नीट हिशेब मांडलाय. यंत्रं सुमारे १२ टक्क्यांनी महागली, आणि ज्यावर शुल्कच नव्हतं ते ड्रायरही महागले, कारण दोन्ही जोडीने विकले जातात. नोकऱ्या आल्या सुमारे १,८००. एकेका नोकरीमागे गिऱ्हाइकांच्या खिशातून वर्षाला आठ लाख डॉलरच्या वर गेले. नोकऱ्या खोट्या नव्हत्या. सॅमसंग साउथ कॅरोलायनात आणि एलजी टेनेसीत खरोखर कारखाने चालवतात. प्रश्न भावाचा आहे.

देशी वस्तू इतकी महाग का? फक्त पगारामुळे?

पगार हे एक कारण. दुसरं कारण लोक विसरतात: आजूबाजूला कोण आहे. अॅपलने २०१३ चा मॅक प्रो टेक्ससमध्ये जोडायला घेतला, तेव्हा एका खास स्क्रूवर गाडं अडलं. जवळच्या छोट्या वर्कशॉपची ताकद दिवसाला हजार नगांची. चीनमध्ये अशी ऑर्डर दुपारी दिली तर दहा जण तयार असतात. शेवटी स्क्रू चीनहून मागवले. साचे बनवणारे, प्लेटिंगवाले, स्प्रिंगवाले एका गल्लीत असले की माल स्वस्त होतो. हे पुण्यात भोसरी-चाकणला काम केलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

दुसरं उदाहरण हत्यारांचं. क्राफ्ट्समनचे पाने एकेकाळी सिअर्स या दुकानसाखळीत आयुष्यभराच्या हमीवर मिळत. तुटलेला द्या, नवा न्या. २०१७ मध्ये हा ब्रँड स्टॅनली ब्लॅक अँड डेकरने घेतला, आणि २०१९ मध्ये टेक्ससमधल्या फोर्ट वर्थला नऊ कोटी डॉलर घालून अत्यंत स्वयंचलित कारखाना काढायची घोषणा केली. मजुरीचा प्रश्नच मिटवू, असा बेत होता. यंत्रणा ठरल्याप्रमाणे चाललीच नाही, आणि २०२३ मध्ये कारखान्याला कुलूप लागलं. तरी पेनसिल्व्हेनियातल्या मीडव्हिलला चॅनललॉकच्या पकडी आणि इलिनॉयच्या रॉकफर्डला एस्टविंगचे हातोडे पिढ्यान्‌पिढ्या बनत आहेत. मोडलेली परंपरा पुन्हा उभी करणं हे चालू असलेली टिकवण्यापेक्षा फार अवघड, हे मला यात दिसतं.

म्हणजे चायनाचा माल वाईट नसतो?

ज्याने मागवला त्याने काय मागितलं, यावर आहे. कारखान्याला चार डॉलरचा टोस्टर मागितला तर तो चार डॉलरचा टोस्टर देतो. त्याच प्रांतात, कदाचित त्याच रस्त्यावर, आयफोनही जोडला जातो आणि त्याच्या फटीत केससुद्धा जात नाही. पत्रा पातळ करा, तांब्याऐवजी अॅल्युमिनियमची तार घाला, तपासणीचा एक टप्पा गाळा, हे निर्णय बहुधा अमेरिकेतल्या खरेदी विभागात होतात. शिव्या मात्र चिनी कामगार खातो. वॉलमार्टने १९८५ मध्ये ‘देशी माल घ्या’ मोहीम काढली होती. पुढे किमती पाडायच्या शर्यतीत पुरवठादारांना परदेशात जाण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही, त्यात वॉलमार्टचा वाटा लहान नव्हता.

आणि काम अमेरिकेतच झालं तरी माती होऊ शकते. ५ जानेवारी २०२४ ला अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ मॅक्सच्या भिंतीतलं, न वापरलेल्या दाराची जागा बंद करणारं झाकण हवेत निखळलं. कॅन्ससमध्ये बनलेल्या सांगाड्याचे रिव्हेट सुधारण्यासाठी वॉशिंग्टन राज्यातल्या कारखान्यात ते उघडलं होतं, आणि परत लावताना चार बोल्ट बसवलेच नाहीत. फ्रीमाँटच्या जुन्या अंगणाची आठवण झाली.

लेव्हाइज तरी अमेरिकन आहे ना?

कंपनी सॅन फ्रान्सिस्कोची. स्वतःचे शेवटचे अमेरिकन शिलाई कारखाने तिने २००३ च्या शेवटी सॅन अँटोनियोत बंद केले. ज्या जुन्या मागांवर तिचं नावाजलेलं डेनिम विणलं जायचं ती ग्रीन्सबरोची व्हाइट ओक गिरणीही २०१७ च्या अखेरीस थांबली. गिरणगाव पाहिलेल्या मुंबईकराला हे चित्र नवं नाही.

कापूस मात्र अमेरिकन असू शकतो. टेक्ससचा कापूस जहाजाने व्हिएतनाम, पाकिस्तान, बांगलादेशला जातो आणि पँट होऊन परत येतो. हाच कापूस आपल्याकडेही येतो: ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत काढलं, तेव्हा गिरण्या खूश झाल्या आणि विदर्भातला शेतकरी ऐन वेचणीच्या तोंडावर भाव पडणार म्हणून संतापला. अमेरिकेतल्या स्वस्त आयातीवरचं भांडण आणि हे भांडण, यात फक्त बाजू बदलतात.

अमेरिका आजही कशात सरस आहे?

जेट इंजिनं, अवजड यंत्रं, वैद्यकीय उपकरणं वर आलीच. शेतीमालही त्यात धरा: जगातले सुमारे ८० टक्के बदाम कॅलिफोर्नियात पिकतात आणि बाहेरचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक भारत आहे. चिपांचं उत्पादन हातातून गेलं होतं. १९९० मध्ये जगातला ३७ टक्के वाटा होता, तो २०२० पर्यंत १२ वर आला. मग २०२२ च्या कायद्याने सरकारी पैसा ओतला. तैवानच्या टीएसएमसीने अॅरिझोनात सुरू केलेल्या कारखान्यात चांगल्या निघणाऱ्या चिपांचं प्रमाण तैवानच्या तोडीचं असल्याची बातमी २०२४ मध्ये आली. अमेरिकन कामगाराला हे जमणारच नाही, असं म्हणणारे जरा गप्प बसले.

यात आपला, म्हणजे महाराष्ट्राचा, काही संबंध?

बराच. इंडियानातल्या कोलंबसच्या कमिन्सने १९६२ मध्ये किर्लोस्करांबरोबर पुण्यात कोथरूडला डिझेल इंजिनांचा कारखाना काढला. ‘जीप’ या अस्सल अमेरिकन नावाची कंपास रांजणगावात बनते आणि उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या देशांत जाते. व्हर्लपूलचे फ्रीजही रांजणगावचेच. उलट दिशेने पुण्याची भारत फोर्ज अमेरिकन ट्रकना घडीव भाग पुरवते, आणि तिने नॉर्थ कॅरोलायनात स्वतःचा कारखानाही टाकलाय. मग भारत फोर्जचा तिथे घडलेला भाग अमेरिकन की मराठी? कस्टमच्या लेखी अमेरिकन.

आपली बाजूही स्वच्छच असते असं नाही. २०१६ मध्ये टार्गेटने मुंबईच्या वेलस्पन या कापड कंपनीशी संबंध तोडले, कारण ‘इजिप्शियन कॉटन’ म्हणून विकलेल्या चादरींत तो कापूस नव्हता.

२०२५ च्या टॅरिफनंतर काय घ्यावं, काय नको?

दर इतक्या वेळा बदलले की आज लिहिलेला आकडा उद्या शिळा. भारतीय मालावर ऑगस्ट २०२५ मध्ये ५० टक्क्यांपर्यंत शुल्क चढलं. त्याच महिन्याच्या अखेरीस ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलांची सूट गेली आणि भारतीय टपाल खात्याने पार्सलं घेणं काही आठवडे थांबवलं. अनेकांच्या फराळाच्या डब्याचा जीव टांगणीला लागला. एवढंच लक्षात ठेवा की ‘अमेरिकन’ वस्तूही टॅरिफने महागते, कारण तिचं पोलाद, मोटर किंवा खोकं बाहेरचं असू शकतं.

भारतात नेण्यासारखी अमेरिकन बनावटीची वस्तू कोणती?

विजेवर न चालणारी. टेनेसीतल्या साउथ पिट्सबर्गचा लॉजचा बिडाचा तवा घ्या. कारखाना १८९६ पासूनचा, भाकरी-थालीपीठ उत्तम होतं. दोन सूचना. तो जड असतो, आणि तुमच्या बॅगेची मर्यादा २३ किलो आहे. आणि लॉजची रंगीत, मुलामा दिलेली भांडी बरीचशी चीनची असतात. तेव्हा इथेही तळ बघाच. कोरेलच्या ताटल्या कपड्यांच्या घड्यांमध्ये घालून सुखरूप पोचतात.

ओहायोत जोडला जाणारा किचनएडचा मिक्सर किंवा व्हिटामिक्स कितीही मोह झाला तरी इथून नेऊ नका. ती यंत्रं १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०. ट्रान्सफॉर्मर लावला तर ओट्यावर आणखी एक जड डबा येतो, आणि बिघडलं तर वॉरंटी तिकडे चालत नाही. किचनएड भारतात २३० व्होल्टचं मॉडेल विकते, ते तिथेच घ्या. ओली चटणी आणि इडलीचं पीठ वाटायचं असेल तर मात्र आपला साधा मिक्सर-ग्राइंडरच बरा. इथली मंडळी तो इथल्या व्होल्टेजवर चालणारा मुद्दाम शोधून घेतात, ते उगाच नाही.